सात नंबरचा फोटो

पेणमध्ये ज्याला काही छापायचं असतं, त्याला आधी फोटो छापायचा असतो. मजकूर मागाहून येतो, आणि नाही आला तरी बहुतेकदा कुणाचं अडत नाही. रामवाडीत माझी डीटीपीची खोली आहे. खाली टायरचं दुकान, वर मी. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, गणपतीच्या कारखान्यांचे कॅटलॉग, वाढदिवसाचे फलक आणि स्मरणिका, एवढं सगळं त्या जिन्यावरून खाली उतरतं. स्मरणिका मी बऱ्याच केल्या, पण त्यांत कुणाचं स्मरण केल्याचं फारसं आठवत नाही. पहिल्या पानावर हात जोडलेले मान्यवर असतात. दुसऱ्या पानावर तेच मान्यवर शुभेच्छा देतात. मधल्या पानांवर ते फीत कापतात. मलपृष्ठावर जाहिरात असते, तीही त्यांचीच.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. संगणकावर पान लावताना पानावर जो फोटो दिसतो, तो फोटो नसतो. ती त्याची एक हलकी, पुसट नक्कल असते, नुसती जागा कळावी म्हणून. तिच्यामागे एक पत्ता असतो: अमुक फोल्डरमधली अमुक नावाची फाईल. छापायची वेळ आली की पान त्या पत्त्यावर जातं आणि खरा फोटो घेऊन येतं. याला आम्ही लिंक म्हणतो. फोटो तिथून हलवला किंवा त्याचं नाव बदललं, तर पान बंद दारावरून परत येतं आणि लाल खूण दाखवतं. पण त्याच नावाने त्याच जागी दुसराच फोटो येऊन बसला असेल, तर पिवळी खूण येते आणि पान विचारतं, इथे बदल झालाय, ताजं करू का? हो म्हटलं की नव्या भाडेकरूचा चेहरा पानावर हजर. पान माणसं ओळखत नाही. नाव आणि पत्ता जुळला की त्याचं काम झालं. आपल्याकडच्या कचेऱ्यांसारखंच.

म्हणून माझ्या खोलीत गणपतीच्या तसबिरीखाली एक पाटी लावलेली आहे: ‘फोटोंची नावे बदलू नयेत.’ लोक ती वाचतात आणि चपला काढून आत येतात.

कासू स्टेशनच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला एक गाव आहे. गावाला खाडीपासून वाचवणारा मातीचा बांध होता, तो आता दगडाचा झाला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या बांधाची माती गावाने डोक्यावरून वाहिली, त्याचं गावालाच लोकार्पण व्हायचं होतं. लोकार्पण म्हटलं की मांडव, मांडव म्हटला की मान्यवर, आणि मान्यवर म्हटले की स्मरणिका. तेव्हा कमिटी माझा जिना चढून वर आली.

कमिटीत बोलणारा एकच होता, चिटणीस. मूळचा गावचाच, पण रोह्याला कंपनीत शिफ्टला जाणारा आणि तिथे जवळच, वरसे गावातल्या नव्या वसाहतीत फ्लॅट घेऊन राहणारा. चांगला माणूस. गावासाठी रजा टाकणारा आणि त्या रजेबद्दल चकार शब्द न काढणारा. फक्त नवीन काही दिसलं की त्याला राहवत नसे.

“पेनड्राइव्हचे दिवस गेले, मॅडम,” तो म्हणाला. “एक ऑनलाइन फोल्डर करू. मी वरशाला फोटो टाकला की इथे तुमच्याकडे दिसला पाहिजे. तुम्हाला जिना उतरायला नको, मला गाडी पकडायला नको.”

“करू या. फक्त एकदा टाकलेल्या फोटोचं नाव बदलायचं नाही.”

“मॅडम, आमच्या कंपनीत रोज शेकडो ड्रॉइंगं सांभाळतो आम्ही.” त्याने पाटीकडे पाहिलं आणि चपला काढल्या.

फोटो येऊ लागले. त्याने त्यांना नावंसुद्धा देऊन ठेवली होती, म्हणजे आकडे. शून्य एक, शून्य दोन. मला वाटलं हा हिशेबी माणूस आहे. मागाहून कळलं की तो मानाचा क्रम होता. त्या गावात नारळी पौर्णिमेला खाडीला पहिला नारळ कुणाचा, दुसरा कुणाचा, हे ठरलेलं आहे आणि त्यात बोट घालायला कुणी धजत नाही. स्मरणिकेतही फोटो त्याच क्रमाने जायला हवे होते. पहिल्या नारळाचा मानकरी शून्य एक. अध्यक्ष, ज्यांचं माती उचलायचं यंत्र तालुकाभर फिरतं, ते नारळाच्या हिशेबाने चौथे लागत होते, आणि हे त्यांना मान्य नव्हतं. या सगळ्या मानकऱ्यांच्या मागे, सात नंबरला, एक फोटो होता ज्यात कुणीही हात जोडलेले नव्हते.

तो फोटो मी पहिल्यांदा उघडला तेव्हा खोलीत एक बाई बसलेल्या होत्या. चिटणीसाने त्यांना पाठवलं होतं, आपल्या माणसाचा फोटो नीट लागला का ते बघायला. माझ्याच वयाच्या असतील. मिठागरावर काम केलेल्या माणसांचे तळपाय असतात तसे तळपाय, भेगांतून पांढुरके. पुढे मी त्यांना वहिनी म्हणू लागले, आणि त्या मला पहिल्या मिनिटापासून ‘गो’ म्हणत होत्या.

“लाव गो, बघूया,” त्या म्हणाल्या.

मी फोटो पडदाभर केला. बांधाला खांड गेली होती, म्हणजे उधाणाच्या पाण्याने बांध फोडून मधोमध वाट केली होती. ती बुजवायला ओहोटीच्या वेळी पुरुष रांगेने चिखलात उभे होते आणि हातोहात चिखलाचे गोळे पुढे सरकत होते. खांड गेली की घरटी एक माणूस बांधावर, अशी तिथली रीत. कुणी बोलवायचं नसतं, कुणी विचारायचं नसतं. रांगेच्या टोकाला, जिथे फुटलेल्या तोंडातून पाणी ओढ घेतं, तिथे छातीपर्यंत बुडालेला जो माणूस होता तो वहिनींचा नवरा. सगळे खाली बघत होते. तो एकटाच वर, फोटो काढणाऱ्याकडे बघून हसत होता.

“फोटो कोणी काढला?”

“मीच. चा घेऊन गेलेली. मना बोलतो, चा ठेव नि फोटो काढ, नायतर उद्या बोलशील मी घरी झोपलेलो.” वहिनी हसल्या. “जरा मोठा कर. त्याचाच.”

मी चेहरा जवळ आणला. फोटो मोबाईलचा, पण उन्हात काढलेला, म्हणून अगदी स्वच्छ होता. एका भुवईवर चिखल सुकून करडा झालेला. कानामागे खोचलेली विडी, कोरडी. आणि हसताना दिसणारा, कोपरा तुटलेला पुढचा दात.

“बघ तो दात,” वहिनी म्हणाल्या. “लग्नात सासूनं सांगितलेलं त्याला, तोंड मिटून ऱ्हा. मेला मांडवात पन हसला.”

मग त्यांनी सांगितलं की लग्नाचे फोटो होते, पण याच खांडीचं पाणी घरात शिरलं तेव्हा ट्रंकेसकट भिजले. खाऱ्या पाण्यातून काढले तेव्हा नुसती रंगीत पानं उरली होती. दुसरा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा. त्यात कुणाचाही नवरा दिसतो तसाच त्यांचाही दिसत होता, आत्ताच पकडून आणल्यासारखा. आदल्या पावसाळ्यात तो तापाने गेला. डोळे पिवळे झाले म्हणून कावीळ समजून घरात पाला उगाळून देत राहिले. तो ताप चिखलातल्या पाण्याचा होता हे पेणच्या डॉक्टरने सांगितलं, तोवर उशीर झाला होता.

“मना ह्यो मोठा काढून पाहिजे,” वहिनींनी दोन्ही हात फाकवून मोठा म्हणजे केवढा ते दाखवलं. “वर्सश्राद्धाला भितीवर. सासूला डोल्यांनी दिसत नाय नीट, तिला दिसला पायजे.”

“स्मरणिकेचं कव्हर रंगीत छापायला जाईल, त्याच्यासोबतच काढून आणते. उद्याच हवा असेल तर तसं सांगा.”

“नाय गो, घाई काय? वर्सश्राद्ध लांब हाय.”

खरंच लांब होतं. त्या दिवशी घाई कुणालाच नव्हती.

त्यांचं पान अकरावं. ‘भावपूर्ण आदरांजली’ आणि खाली अर्धं पान. हे अर्धं पान मंजूर व्हायला कमिटीच्या बैठका झाल्या होत्या, कारण गेलेला माणूस कुठल्याच नारळाचा मानकरी नव्हता. मी चौकट आखली आणि तो फोटो आत ठेवला. चौकट म्हणजे खिडकी. फोटो सगळाच्या सगळा मागे असतो, खिडकीतून आपल्याला हवा तेवढा दिसतो. माझ्या खिडकीतून तो एकटा दिसत होता, हसणारा. बाकीची रांग कागदाच्या मागे चिखलात उभी होती.

छपाईला देताना सगळे फोटो गोळा करायचे आणि आपल्या पेटीत बंद करायचे, ही आमची रीत. पण ते शेवटी. आधी करून उपयोग नसतो, कारण कमिटी रोज फोटो बदलत असते. आणि ही कमिटी तर रोज दोनदा बदलत होती. अध्यक्षांना आधी फेट्यातला फोटो हवा होता, मग बिनफेट्याचा, मग फेटा हातात घेतलेला. आपण चौथे का, हा प्रश्न ते प्रत्येक फोटोसोबत नव्याने विचारत.

एका सकाळी फाईल उघडली तर पानांवर पिवळ्या खुणांचं पीक आलेलं. पहिल्या पानापासून अकराव्यापर्यंत. बदल झालाय, ताजं करू का?

मी कुठेच हो म्हटलं नाही. ही हुशारी नव्हे. इतकी वर्षं मान्यवरांची पानं लावल्यावर कुणी आपणहून बदललं म्हणून सांगितलं की विश्वास बसत नाही, एवढंच. आधी फोल्डर उघडून पाहिलं. शून्य एकमध्ये अध्यक्ष होते. शून्य चारमध्ये पहिल्या नारळाचे मानकरी होते. आणि सात नंबरमध्ये सफारीतले एक गृहस्थ सोफ्यावर बसून हसत होते.

मी चिटणीसाला फोन लावला.

“मिटलं, मॅडम!” तो मोठ्या उत्साहाने म्हणाला. “काल बैठक झाली. अध्यक्ष एक नंबरला, नारळाचे मानकरी चारला, पण त्यांचा फोटो मोठा घ्यायचा. दोघं खूश. मी रात्रीच सगळ्यांचे नंबर बदलून टाकले. तुम्हाला काही करायला नको.”

“सातमध्ये कोण आहे?”

“ते मिठागरवाले. हल्ली पनवेलला असतात. संगमरवरी पाटी त्यांनी दिली, मग त्यांना सातवा मान द्यायला लागला.”

“आणि सातमध्ये आधी होता तो?”

पलीकडे कंपनीचा भोंगा ऐकू आला. मग तो म्हणाला, “वैनींचा? तो असेल की. मी पाटीवाल्यांचा टाकला तेव्हा कंप्युटरने विचारलं, या नावाचं आधीच आहे, बदलायचं का? बदलायचंच होतं, म्हणून हो केलं.” मला वाटतं, त्याला ते तेव्हाच उमगलं.

मी दुपारची गाडी पकडून रोह्याला गेले. रोहा माझं माहेर, पण त्या दिवशी माहेरी न जाता रिक्षाने थेट वरसे. चिटणीस शिफ्ट अर्धी टाकून आला होता. त्याच्या बायकोने कोकम सरबत आणून ठेवलं आणि नवऱ्याचा चेहरा बघून ती आत निघून गेली.

वाट शोधायची म्हणजे मागे मागे जायचं. फोल्डरमध्ये नवीन फाईल आली की जुनी काही दिवस कचऱ्याच्या टोपलीत राहते. टोपली रिकामी होती. मांडवाच्या जागेचं ड्रोनने शूटिंग केलं होतं, ते चढवायला जागा पुरेना, म्हणून चिटणीसाने त्याच रात्री, नंबर बदलून झाल्यावर, टोपली झाडून काढली होती. बरं, त्याच्या स्वतःच्या संगणकावर? संगणक तेच फोल्डर दाखवत होता. तो माझ्या संगणकाचाच आरसा होता आणि माझा त्याचा. एकीकडे जे पुसलं गेलं, ते दोन्हीकडे पुसलं गेलं होतं.

“मग वहिनींच्या मोबाईलमध्ये असेलच,” मी म्हटलं. “मूळ तिथलंच.”

चिटणीसाने सरबताचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

“मोबाईल त्यांचा भरलेला होता. सारखा अडकायचा. फोटो घेताना मी म्हटलं, एकदाच सगळे काढून घेतो. कॉपी नाही केले, मॅडम. उचलून इकडे आणले, आणि हा तसाच नंबर देऊन फोल्डरमध्ये सरकवला. तेवढाच त्यांचा मोबाईल हलका होईल.” तो जमिनीकडे बघत राहिला. “दिला तेव्हा सांगितलंसुद्धा त्यांना, वैनी, आता बघा कसा पळतो.”

त्याच्यावर रागवायला मी इतका प्रवास करून गेले होते. पण ज्या माणसाने तुमचं ओझं उतरवलं, त्याच्यावर कसं रागवायचं असतं ते मला ठाऊक नाही. त्याने गावाच्या भांडणात दोघांना खूश केलं होतं. एका विधवेचा मोबाईल चालता करून दिला होता. स्मरणिकेची शिस्त लावली होती. सगळ्यांचं भलं करता करता त्याने तो एक फोटो नाहीसा केला.

रोह्याच्या बाजारात पुसलेलं परत आणून देणारा एक दुकानदार आहे. वहिनींचा मोबाईल मागवून त्याला दाखवला. त्याने दोन दिवस यंत्र लावलं. निघालं बरंच: वीजबिलांचे फोटो, कुणाच्या तरी बारशाचं बोट, एक अर्धी बकरी. सुप्रभातची फुलं मात्र झाडून सगळी सुखरूप निघाली. बांध निघाला नाही.

उरलं काय, तर माझ्या अकराव्या पानावरची ती पुसट नक्कल. मी ‘ताजं कर’ म्हटलं नव्हतं म्हणून तेवढी वाचली होती. म्हटलं असतं तर भावपूर्ण आदरांजलीखाली सफारीतले पाटीवाले गृहस्थ सोफ्यावर बसून हसले असते, आणि तो माणूस पडद्यावरूनही गेला असता. नक्कल मी सोडवून बाजूला काढली. काडेपेटीएवढी ठेवली तर चेहरा कळत होता. त्याहून मोठी केली की चेहऱ्याचे चौकोन होत. भुवईवरचा चिखल कुठला आणि भुवई कुठली, ते कळेना. दाताच्या जागी एक फिकट चौकोन होता, शेजारच्या चौकोनांसारखाच.

वहिनींना मी पेणलाच बोलावलं. गावात जाऊन सांगायचं धैर्य झालं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. लिंक, नंबर, टोपली, यातलं त्यांना किती कळलं मला माहीत नाही. बहुधा सगळंच. त्यांनी एकच विचारलं.

“तू त्या दिशी मोठा केलेलास, तो कुटं गेला मंग?”

“तो पडद्यावर होता, वहिनी. ठेवलेला नव्हता.”

“म्हन्जे नुसता दावलास.”

“हो.”

वहिनी पडद्यावरच्या त्या काडेपेटीएवढ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग पदराने त्यांनी माझा पडदा पुसला, तिथे धूळ नसताना. म्हणाल्या, “चिटनीस भावजींना काय बोलू नको हां. त्यांना जेवन जात नाय म्हनं.”

चिटणीसाला खरंच जेवण जात नसावं, कारण चारपाच दिवसांनी तो स्वतः जिना चढून आला. चेहरा उजळलेला.

“झालं काम, मॅडम. ती छोटी इमेज मोबाईलमध्ये टाकली. एक ॲप आहे, जुने फोटो क्लिअर करतं. बघा.”

मी बघितलं. चौकोन गेले होते. भुवया कोरून काढलेल्या, कातडी तुकतुकीत, केस विंचरल्यासारखे. चिखल साफ. विडी नव्हती. यंत्राला ती कळली नसावी, किंवा आवडली नसावी. दात एका ओळीत, सगळे शाबूत. मागे खाडीऐवजी निळसर काहीतरी होतं. एखाद्या बँकेच्या जाहिरातीत कर्ज मिळाल्यावर माणूस हसतो, तसा तो हसत होता.

“हा तो नाही,” मी म्हटलं.

“थोडा फरक असणारच,” तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका उतरला की मी मोबाईल त्याच्या हातात परत दिला.

स्मरणिका निघाली. अकराव्या पानावर मी काडेपेटीएवढा फोटो ठेवला आणि भोवती मोकळी जागा. अध्यक्षांनी पान उलटताना म्हटलं, “एवढी जागा वाया कशाला घालवली? पाटीवाल्यांचा परिचय बसला असता.” लोकार्पण झालं. फीत कापताना खाडीकडून वारा आला आणि मांडवाची एक बाजू कलंडली, तेव्हा घरटी एक माणूस उठून दोर धरायला धावला. मान्यवर बसून राहिले. नारळाच्या हिशेबाने ते बरोबरच होतं.

वर्षश्राद्धाला मी गेले. कासूला उतरून पुढे टमटमने. वहिनींसाठी मी एक मोठी फ्रेम करून नेली होती. मोठा पांढरा कागद आणि मधोमध तो काडेपेटीएवढा चेहरा. पेणच्या फ्रेमवाल्याने दोनदा विचारलं होतं, मॅडम, फोटो नंतर लावणार का? वहिनींनी ती भिंतीवर लावली, दरवाजासमोर. येणारा माणूस दारातून बघायचा, त्याला पांढरा कागद दिसायचा. मग तो जवळ जायचा, आणखी जवळ, नाक काचेला लागेपर्यंत, आणि म्हणायचा, “हां. हाय हाय, तोच.”

सासूबाई खाली घोंगडीवर बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यातला एक पिकलेला. त्यांना फ्रेमपाशी नेलं, काचेला डोळा लावायला सांगितला. त्यांनी काचेवरून हात फिरवला. “कागूद हाय गो,” म्हणाल्या. “मना नाय दिसत.”

दुपारी कमिटी आली. अध्यक्ष पुढे, मागे दोघांनी धरून आणलेली गोष्ट, वर रेशमी कापड. कापड काढलं. ॲपमधला तो माणूस, वहिनींनी हातांनी दाखवला होता त्याहूनही मोठा, सोनेरी फ्रेममध्ये, खाली ‘कमिटीच्या सौजन्याने’. चिटणीस सगळ्यांच्या मागे उभा होता. खर्च त्याने एकट्याने केला होता हे मला नंतर कळलं. अध्यक्षांनी बांधाविषयी चार शब्द सांगितले, ते दहा मिनिटं चालले. मग फोटोला हार घातला.

वहिनी पदराखाली तोंड घेऊन माझ्या कानाशी म्हणाल्या, “बरा दिसतो. पन ह्यो कोन?”

मी बोलणार होते. इतक्यात सासूबाई उठल्या. कुणी हात धरला नाही तरी त्या बरोबर चालत गेल्या, त्या निळ्या, तुकतुकीत उजेडाच्या दिशेने. सोनेरी फ्रेमसमोर थांबल्या. मान तिरकी करून बघितलं.

“आला,” म्हणाल्या. “ह्यो बघ माझा पोर. दिसला.” आणि फोटोच्या गालावरून बोटं फिरवून ती आपल्या कानशिलावर मोडली.

अध्यक्षांनी रुमाल काढला, आणि मला वाटतं या वेळी तो दाखवण्यासाठी नव्हता. चिटणीस बाहेर जाऊन अंगणात उभा राहिला. वहिनींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग खिळा आणि हातोडी मागितली. तो मोठा फोटो त्यांनी स्वतःच्या हाताने दरवाजासमोर ठोकला. माझी फ्रेम तिथून काढून आतल्या खोलीत नेली, फडताळाशेजारी, जिथे त्यांच्याशिवाय कुणी जात नाही.

जेवणं झाली, मंडळी पांगली. गाडीला वेळ होता म्हणून मी आतल्या खोलीत वहिनींबरोबर बसले. बाहेरून सासूबाईंचं बोलणं ऐकू येत होतं. त्या भिंतीशी काहीतरी गाऱ्हाणं करत होत्या, पुरणात गूळ कमी पडला म्हणून.

“बोलूदे,” वहिनी म्हणाल्या. “तिला कशाला सांगू?” मग त्या माझ्या फ्रेमजवळ गेल्या, काचेला कपाळ टेकवून बघितलं आणि परत येऊन बसल्या. “तू बघितलेलास ना गो, मोठा? त्या दिशी?”

“बघितला होता.”

“सांग ना.”

मी सांगू लागले. भुवईवर सुकलेला चिखल. कानामागे विडी. वहिनी मान डोलवत होत्या. “कोरडी ठेवलेली त्यानं,” त्या म्हणाल्या, “छातीवरी पान्यात नि विडी कोरडी.” मग मी दाताचं सांगितलं. पुढचा, डावीकडचा, कोपरा तुटलेला.

“उजवीकडचा,” त्या म्हणाल्या.

“मला डावीकडे दिसल्यासारखं वाटतं. पडद्यावर.”

“समोर उभा ऱ्हायला की...” त्यांनी बोट आपल्या एका दातावर ठेवलं. मग उचलून शेजारच्या दातावर ठेवलं. मला समोर बसवलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा आपल्या दाताला हात लावला. बाहेर सासूबाई अजून बोलतच होत्या. वहिनींचं बोट तसंच ओठांपाशी थांबलं होतं, कुठल्या दातावर ठेवायचं ते न ठरता.